साडेसातचं मरण

धनभाग्यम अम्मा मेली तर आपल्या पदरात काय पडेल, हे सबानायगमनं चॅनेलच्या कचेरीचा जिना उतरता उतरता बोटांवर मोजलं. चौदावर येऊन बसलेला टीआरपी उठून वीसला शिवणार, हे एक. साडेसातची वेळ आणखी वर्षभर हातची जाणार नाही, हे दुसरं. आणि म्हातारी हल्ली संवाद विसरते, त्यापायी सेटवर रोज दीड तास मातीत जातो, तो वाचणार. जाणाऱ्या बाजूला मांडायला त्याला काही सापडेना. शेवटच्या पायरीवर तो थांबला, पुन्हा एकदा आठवून पाहिलं, आणि काही सापडलं नाही याचंच त्याला जरा बरं वाटलं.

मरायचं होतं ते अर्थातच मालिकेत, रंगनायकी नावाची सासू म्हणून. एरवी वडपळनीच्या आपल्या खोलीत धनभाग्यम म्हणून तिनं खुशाल शंभरी गाठावी, त्याला त्याची हरकत नव्हती.

कल्पना चॅनेलमधल्या नंदगोपालची. वय अठ्ठावीस, केसांना तेल नाही पण चकाकी आहे, अशातला. "सर, सासू जिवंत आहे तोवर सुनेचं दुःख कोण बघणार?" तो म्हणाला होता. "घालवा तिला. आणि तीन भागांत उरकू नका. मोठा मुलगा सिंगापूरहून यायचाय, विमान चुकलंय, प्रेत घरात आहे. अख्खं तामिळनाडू वाट बघेल. पोस्टरचं मी बघतो."

चेन्नईचा धंदाच असा होता. अर्धा तास चॅनेलकडून भाड्यानं घ्यायचा, मालिका आपल्या खर्चानं काढायची आणि मधल्या जाहिराती आपणच दारोदार हिंडून विकायच्या. टीआरपी पडला की साबणवाला फोन उचलत नाही. साबणवाल्यानं फोन उचलला नाही की दिग्दर्शकाचा गळा आपोआप मऊ होतो. सबानायगम दिग्दर्शक होता, निर्माता होता आणि जाहिराती विकणारा फेरीवालाही होता. सकाळी कोणाची टोपी घालायची ते आदल्या दिवशीचा आकडा ठरवी. दोन हजार चार सालच्या त्या उन्हाळ्यात तिसरीच टोपी जास्त चालली होती.

दुसऱ्या दिवशी सेटवर त्यानं अम्माला कॉफीच्या वेळी गाठलं. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि पुढच्या दृश्याचा कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून पुटपुटत होती.

"अम्मा, एक सांगायचं होतं."

"मारतोयस ना?" कागद खाली न करता ती म्हणाली. "कपडेपटवाल्यानं सकाळीच अंगाचं माप घेतलं. पांढरी साडी कशाला लागते ते मला कळत नाही होय रे? किती दिवसांचं मरण आहे?"

"तीन दिवसांचं म्हणत होतो..."

"तीनच? त्या नऊच्या मालिकेत परवा आलेल्या पोरीला सात दिवस झोपवली होती. मी पन्नास वर्षं रंगभूमीवर काढली, मला तीन?"

तिला मान हवा होता की रोजच्या हजेरीचे पैसे, हे सबानायगमनं विचारलं नाही. बहुधा दोन्ही. "अकरा दिवस," तो म्हणाला.

"मग ठीक." तिनं कागदाची घडी केली. "प्रेताला संवाद नसतात, हे एक बरं केलंस. शेवटी का होईना, मला विसरता न येणारी भूमिका दिलीस."

ती हसली, तोही हसला. मग ती हळूच म्हणाली, "सबा, अकरा दिवस मी मेलेली दिसले तर तिरुचीला तिलका बघेल का रे?"

"ती आपली मालिका बघत नाही ना, अम्मा."

"हो. नाहीच बघत," अम्मा म्हणाली आणि कॉफी फुंकू लागली.

तिलकवती ही तिची एकुलती एक मुलगी. तिरुचीला शिवणाचं दुकान चालवायची. सोळा वर्षं ती आईशी बोलली नव्हती. का बोलली नव्हती ते सेटवर सगळ्यांना ठाऊक होतं: अठ्ठ्याऐंशी साली तिचं पाच महिन्यांचं बाळ गेलं, तेव्हा अम्मा नाटकाच्या चित्रीकरणात होती आणि काम संपवून, माती झाल्यावर पोचली. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं. उरलेलं फक्त दोघांना.

ते नाटक सबानायगमचं टेलिव्हिजनवरचं पहिलं काम होतं. त्याआधी दहा वर्षं अम्माच्या नाटक मंडळीत विंगेत बसून तो संवाद पुरवायचा. तिनंच ओळखीपाळखी काढून त्याला ती संधी मिळवून दिली होती. स्टुडिओ एका दिवसापुरता मिळालेला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. साडेअकराला तार आली ती त्याच्या हातात पडली. त्यानं वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि "पुढचं दृश्य" म्हणाला. संध्याकाळी सहाला, दिवे विझल्यावर, त्यानं ती अम्माच्या हातात दिली. अम्मानं तारेवरची वेळ पाहिली, त्याच्याकडं पाहिलं आणि रंग पुसायला बसली. तिरुचीला मुलीनं विचारलं, इतका उशीर का? अम्मा म्हणाली, "काम संपवून आले." तारेचा उल्लेख तिनं केला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्याचं नाव व्हायचं होतं, म्हणून तिनं आपलं नाव खाली पाडलं. नाटक गाजलं. सबानायगम त्याच्या जोरावर वर चढत गेला. तारेबद्दल तो तिच्याशी एकदाही बोलला नाही, आणि दर पोंगलला मात्र तिला साडी न चुकता नेऊन देई.

सालिग्रामममधला पिवळा बंगला शूटिंगसाठी घेतला. दारात मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात मयताचा ढोल, पारै, वाजवणारे चौघे, आणि दिवाणखान्याच्या मधोमध मयत ठेवायची भाड्याची बर्फपेटी, वर पारदर्शक झाकण. पेटीचं मशीन बंद. झाकण डोक्याकडून बोटभर उचललेलं, म्हणजे अम्माला हवा मिळावी. भोवती पन्नासेक ज्युनिअर आर्टिस्ट बायका केस मोकळे सोडून बसलेल्या. त्यांतल्या आठजणी गावाकडच्या, खऱ्या मयताला विलापाची गाणी म्हणणाऱ्या. त्यांना रडायचं सांगावं लागत नसे, थांबायचं सांगावं लागे.

एकच अडचण होती. अम्मानं श्वास घेतला की झाकणाच्या काचेवर आतून वाफ धरायची. पहिल्या दिवशी चार शॉट त्यातच वाया गेले. "अम्मा, जरा हळू श्वास," कॅमेरामन रॉबर्ट विनवायचा.

"अरे, मंडळीत असताना मी अर्धा अंक प्रेत होऊन पडायचे," ती आतून सांगायची. "ह्या सबाला मीच शिकवलंय. पडदा पडेपर्यंत प्रेतानं हलायचं नाही. माशी नाकावर बसली तरी नाही." दुसऱ्या दिवसापासून तिनं श्वास असा काही चोरला, की विलापवाल्यांतली एक घाबरून उठून तिची नाडी बघून आली.

आणि रोज शॉट संपला की रिवाज. पडद्यावर मेलेल्या माणसानं अपशकुन टळावा म्हणून उठून बसायचं, कॅमेऱ्याकडं बघून हसायचं आणि ते हसणं टेपवर घ्यायचं. त्याशिवाय ना कलाकार सेट सोडणार, ना रंगभूषावाला त्याचा रंग पुसणार. अम्मा उठायची, तोंडभर हसायची, वर म्हणायची, "आज मेले ते बरी मेले ना?"

नंदगोपालनं पोस्टरचं खरंच बघितलं. आपल्याकडं गावातलं कोणी गेलं की भिंतीवर लागतात तसली अश्रूंच्या आदरांजलीची पोस्टरं त्यानं चेन्नईपासून तिरुची-मदुरैपर्यंत बसस्टँडांवर लावली. मध्ये अम्माचा फोटो, भोवती काळी कड, खाली एकच ओळ: अम्मा आपल्याला सोडून गेली. मालिकेचं नाव नाही, वेळ नाही. "तीन दिवस लोकांना विचारू दे, कोण गेलं म्हणून," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी नाव चिकटवू." फोटो मालिकेतला हवा होता, पण त्यात अम्मा भरजरी साडीत हसत होती. म्हणून प्रॉडक्शन मॅनेजर अंगुसामीनं तिच्या खोलीतून तिचा स्वतःचा जुना फोटो आणून दिला. अम्माला त्यानं सांगितलं, भिंतीवर हार घालायला हवाय. सबानायगमनं मंजुरीची सही केली. त्या दिवशी त्यानं अकरा कागदांवर सह्या केल्या होत्या, हा त्यातला एक.

आता तिलकवतीचं काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, तसं सांगतो. तिला ते पोस्टर तिरुचीच्या बसस्टँडवर दिसलं, दोरे आणायला गेली होती तेव्हा. तसाच फोटो तिच्याही घरात होता. दुकानाला कुलूप न लावता ती चेन्नईच्या गाडीत बसली. उतरली त्या कोयंबेडूच्या बसस्टँडवर तेच पोस्टर, वडपळनीला खोलीवर कुलूप. कोपऱ्यावरच्या फुलवालीला विचारलं.

"पाट्टी, ती आज्जी ना? सालिग्रामममध्ये पिवळ्या बंगल्यात आहे," फुलवाली म्हणाली. "सकाळीच माझ्याकडून गुलाबाचे दोन हार गेलेत. रोज जातात."

फुलवालीचं एक अक्षर खोटं नव्हतं. 'रोज' हा शब्द तेवढा तिलकवतीच्या कानावर पडून गेला.

तो शूटिंगचा चौथा दिवस. सबानायगमला वरून शॉट हवा होता: पेटी मध्ये, भोवती बायकांचं कडं. म्हणून दोन्ही कॅमेरे, दिवे, मॉनिटर सगळं वरच्या सज्जात नेलं होतं. खाली दिवाणखान्यात विलापासाठी छताला टांगलेल्या एका माइकशिवाय काही नव्हतं. दारात मांडव, पारै, खुर्च्यांवर पांढरी वेष्टी नेसलेली माणसं. मरणघर म्हणून त्यात काही कमी नव्हतं.

"ॲक्शन" म्हटल्यावर मिनिटभरात दारातून एक बाई आली. चाळिशी ओलांडलेली, घामानं भिजलेली, पायांत चप्पल एकच. बायकांचं कडं तिनं हातांनी फोडलं आणि पेटीवर कपाळ टेकलं.

"सर, काय एन्ट्री आहे," रॉबर्ट कुजबुजला. "कोण ही? नवी?"

सबानायगमलाही तेच वाटलं. सोळा वर्षं माणसांना रडायला लावून त्याचा डोळा तयार झाला होता. ही बाई चेहरा झाकत नव्हती, कॅमेरा शोधत नव्हती, तिच्या तोंडातून लाळ येत होती. असं कोणी करत नाही. "जवळ जा," तो म्हणाला.

"अम्मा, ऊठ गं," खाली ती म्हणत होती. "मी आले. तिलका आले. बोलत नव्हते म्हणून मरायचं असतं होय? दर पोंगलला तुला पत्र लिहिलं आणि चुलीत घातलं. सोळा लिहिली. एक टाकलं असतं तर..."

अंगुसामी जिना चढून धापा टाकत आला. "सर, ही आपली नाही. हजेरीत नाव नाही. मी सगळ्या मोजल्यात."

तोवर सबानायगमला कळलं होतं. बोट ओठांवर ठेवून त्यानं अंगुसामीला गप्प केलं.

"त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी बाळाला मांडीवर ठेवलं होतं, अम्मा. लोक म्हणाले, आटपा. मी म्हटलं, तिची आज्जी येते आहे. सूर्य गेला तेव्हा काढून नेलं माझ्या मांडीवरून. आणि तू आलीस ती म्हणालीस, काम संपवून आले. काही खोटं तरी सांगायचंस गं. गाडी चुकली म्हणायचंस. रूळ उखडले म्हणायचंस. मी मानलं असतं, मला मानायचंच होतं."

मॉनिटरवर सबानायगमला अम्माचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले. हलत नव्हता. पडदा पडला नव्हता ना. आणि पडदा पाडायचा म्हणजे एक शब्द होता, तो त्याच्या तोंडात होता. त्यानं तो शब्द तोंडातच धरला आणि दुसरा हात रॉबर्टच्या खांद्यावर ठेवला.

"चालू ठेव."

विलापवाल्या बायकांना वाटलं की गोष्टीतच आहे. त्यांनी सूर धरला. पारै वाजू लागला. अकरा मिनिटं चाललं ते. मग काचेवर वाफ धरू लागली. तिलकवतीनं आधी पदरानं पुसली. तिला वाटलं आपल्याच श्वासाची आहे, आईचा चेहरा झाकतेय. पुसली तरी जाईना. पुन्हा पुसली. मग तिचा हात थांबला. वाफ आतून होती.

"जिवंत आहे!" ती किंचाळली. "अहो, जिवंत आहे माझी अम्मा! श्वास चाललाय! कोणी तरी डॉक्टरला बोलवा, उघडा हे, उघडा!" आणि ती नखांनी झाकण ओढू लागली. रडत होती आणि हसत होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सबानायगमनं पुढं कधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

"कट," तो म्हणाला.

आणि खालच्या पन्नास बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाईट मनानं नाही. चांगल्या कामाला टाळी वाजवायची, ही त्यांची सवय.

तिलकवतीनं वर पाहिलं. दिवे दिसले, दोन कॅमेरे दिसले, मग सबानायगम. इकडं अम्मा आतून झाकण ढकलत होती. "तिलका! तिलका, मी नाही गं बोलावलं..."

"पोस्टर कोणी लावलं गावभर?"

"कसलं पोस्टर?"

मुलीनं तिच्याकडं बघून घेतलं; पेटीत उठून बसलेली, कपाळाला विभूती, गळ्यात गुलाबाचा हार. काखेतल्या पिशवीतून तिनं कोरी साडी काढली. गेलेल्या आईच्या अंगावर घालायला आणलेली. ती तिनं पेटीवर ठेवली.

"असू दे. पुढच्या वेळी लागेल," ती म्हणाली आणि एकच चप्पल घालून मांडवातून चालती झाली. बायकांनी तिला वाट करून दिली.

अंगुसामी म्हणाला, "सर, आज हसायचं राहू द्या." म्हातारा रंगभूषावाला म्हणाला, "राहू देऊन चालत नाही." वाद अम्मानं मिटवला. "लाव रे कॅमेरा," ती रॉबर्टला म्हणाली, आणि हसली. चारदा घ्यायला लागलं असतं तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. पहिल्याच खेपेला नीट आलं.

मग तिनं सबानायगमला जवळ बोलावलं. "ऐकलंस ना? तिनं स्वतःच्या हातानं झाकण ओढलं. मी जिवंत असावं असं तिला वाटलं, सबा. सोळा वर्षांनी." तिनं गळ्यातला हार काढून ठेवला. "आता दोन गोष्टी कर. हे दाखवू नकोस. आणि कोयंबेडूला जा, तिरुचीची गाडी चारला सुटते. तिला तारेचं सांग. मी कधी काही मागितलंय तुझ्याकडं?"

"नाही, अम्मा."

"मग जा."

सव्वातीन वाजले होते. कोयंबेडू वीस मिनिटांवर. गाडी घेऊन तो निघाला तेव्हा जायचंच होतं त्याला, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं. तिठ्यावर सिग्नल लागला. डावीकडं बसस्टँड, उजवीकडं एडिटिंगची खोली. साडेसहाला टेप चॅनेलच्या दारात पोचायची होती आणि भाग लागतो बावीस मिनिटांचा. तिलकवतीचं रडणं सोडलं तर हातात आज अकराच होती. त्यानं विचार केला, परवा रविवार, रविवारी मालिका नसते. तिरुचीला घरीच जाऊ, निवांत बसून सांगू. अशी गोष्ट बसस्टँडवर उभ्या उभ्या सांगायची असते का? मागच्यानं हॉर्न वाजवला. सबानायगम उजवीकडं वळला.

अकरात अकरा मिळवले की बावीस होतात. एडिटिंगच्या पोरीनं एकदा विचारलं, "सर, या बाईंचा होकार घेतलाय ना?" तो म्हणाला, "काच पुसते तिथं काप." जिवंत आहे हे तिला कळतं ती जागा त्यानं ठेवली नाही. मालिकेच्या गोष्टीत ते बसत नव्हतं.

टीआरपी सव्वीसवर गेला. साबणवाल्यानं स्वतःहून फोन केला. लेखकानं रंगनायकीला एक लपवून ठेवलेली मुलगी असल्याचं लिहून टाकलं आणि त्या जागी मदुरैची एक नटी घेतली. प्रेक्षकांनी पत्रं पाठवली की पहिलीच बरी होती.

पहिलीच्या तिरुचीतल्या दुकानात बायका झंपर शिवायला कमी आणि तिला बघायला जास्त येऊ लागल्या. "अक्का, एकदा तसं रडून दाखवा की." कोणी विचारायचं, बाळाचं खरं की लिहिलेलं? तिनं महिनाभर दुकान बंद ठेवलं, मग दुसऱ्या पेठेत मांडलं.

पहिला रविवार नव्या नटीच्या करारात गेला. दुसरा साबणवाल्याकडच्या लग्नात. अम्माचं काम संपलं होतं तरी दर शुक्रवारी ती कॉफीच्या वेळी सेटवर यायची, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची. "गेलास?" एवढंच विचारायची. तो म्हणायचा, "येत्या रविवारी, अम्मा." भाग दाखवल्याबद्दल तिनं त्याला एका शब्दानं टोकलं नाही. टोकलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. पुढं तिला त्याचं नाव आठवेना, तेव्हाही ती यायची आणि समोर दिसेल त्याला विचारायची, "गेलास?" स्पॉटबॉय म्हणायचे, "गेलो होतो, पाट्टी." ती मान हलवायची.

ऑक्टोबरात ती झोपेत गेली. सबानायगमनं पेटी मागवली, मशीन चालू करायला सांगितलं आणि पहाटे गाडी काढून दुपारी तिरुचीला पोचला. दुकान शोधायला तास गेला.

तिलकवती मशीनवर होती. तिनं पाय थांबवला नाही.

"अम्मा गेली," तो म्हणाला.

"हो का. कितवा भाग?"

"खरंच गेली, ताई. पेटी घरी आहे. मी न्यायला आलोय." आणि मग उभ्या उभ्याच त्यानं ते सांगितलं. स्टुडिओ, साडेअकराची तार, खिसा, संध्याकाळचे सहा. "तिला माहीतच नव्हतं. मी लपवली. तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. तुम्ही रागवायचं होतं ते माझ्यावर." सांगताना त्याला रडू आलं, आणि ते खरं होतं.

तिलकवतीनं मशीन थांबवलं. ती त्याच्या खांद्यावरून समोरच्या गच्चीकडं बघत राहिली, मग पानाच्या टपरीच्या छपराकडं, मग दुकानाच्या छताकडं.

"कुठं ठेवलाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"कॅमेरा."

"नाहीये हो. शपथ घेतो."

"लिहिलंय छान. तार, खिसा... कोणी लिहिलं?" तिनं दोरा दातानं तोडला. "ती तार कुठंय?"

तार त्यानं त्याच रात्री गटारात टाकली होती.

"मी अकरा मिनिटं रडले होते," ती म्हणाली. "तुमची दोनच झालीत. पण चांगलं रडता. माझ्यापेक्षा चांगलं." आणि तिनं पुन्हा पाय मारायला सुरुवात केली.

दुकानासमोर तो पाच वाजेपर्यंत उभा राहिला. ती गिऱ्हाइकांशी बोलत होती, मापं घेत होती, एकदाही तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. फक्त समोरच्या गच्चीवर कोणी कपडे काढायला आलं की तेवढी दचकत होती.

दुसऱ्या दिवशी वडपळनीला अम्माच्या ओठांवर शेवटचे तांदूळ ठेवायला मुलगी नव्हती, सबानायगमनं ठेवले. मालिकेतला मोठा मुलगा, सिंगापूरवाला, खांदा द्यायला आला होता. पारैवाले तेच होते. विलापवाल्या आठजणी न बोलावता आल्या आणि त्यांनी पैसे घेतले नाहीत.

मिळालं ते सगळ्यांना मिळालं. चॅनेलला सव्वीस मिळाले, नंदगोपालला वरच्या मजल्यावरची खोली, साबणवाल्याला गिऱ्हाईक, सबानायगमला साडेसातची वेळ आणखी दोन वर्षं आणि त्या भागासाठी उत्कृष्ट दिग्दर्शनाचं बक्षीस, जे त्यानं जाऊन घेतलं. द्यावं लागलं ते दोघींना. म्हातारीनं मुलगी दिली, तीही दोनदा. आणि मुलीनं दिलं ते असं, की आता तिला कोणी खरं सांगितलं तरी ती आधी छताकडं बघते.